ढगाच्या वड्या

आमच्या गावात आता एकच गुऱ्हाळ उरलंय. बाकी सगळा ऊस कारखान्याला जातो. पण ते एक पेटलं, की दिवाळीनंतरच्या थंडीत गावाच्या हवेलाच गोडी येते. दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, की त्या वासानं डोळे जड होतात. आपण जागे आहोत का पेंगतोय तेच कळत नाही. ह्यांची सुट्टी नेमकी त्या दिवसांत आली होती. म्हणून ती सगळी सुट्टी मला तशीच आठवते, धुरकट, गोड, आणि मधे मधे पोरीचं रडं.

हे म्हणजे आमचे मालक. फौजेत आहेत, वर बर्फात. आमच्याकडं, कडेगावच्या अलीकडं-पलीकडं, दर दोन घरांआड एक फौजी. त्यामुळं त्याचं कुणाला फार कौतुक नाही. माणूस सुट्टीवर येतो, विहिरीवरची मोटार दुरुस्त करतो, घराला एक हात रंग मारतो, पाव्हण्यारावळ्यांत फिरतो आणि परत जातो. आमची पोरगी मागल्या खेपेला नुकती पाय टाकायला लागली होती. मधली एक सुट्टी रद्द झाली. या खेपेपर्यंत ती साडेतीन वर्षांची झाली होती, तोंडानं फटाकडी, म्हणजे माझ्यावरच गेलेली. बापाला तिनं बघितलं होतं ते फोनात.

आणि फोनात तर दोघांचं लय गूळपीठ! रोज संध्याकाळी रेंज मिळाली की ह्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. पोरगी ताट घेऊन बसायची. एक घास आपल्या तोंडात, एक घास फोनच्या काचेवर. पलीकडून हे "आऽऽम" करून तोंड उघडायचे, खोटं खोटं चावायचे आणि "लय ग्वाड, लय ग्वाड" म्हणायचे. माझ्या फोनच्या काचेला कायम वरणभात लागलेला. पुसून पुसून माझे हात दुखायचे. "फोन हाय का ताट हाय गं हे?" म्हणून मी ओरडायचे, पण त्या निमित्तानं पोरीच्या पोटात चार घास जायचे, म्हणून चालवून घ्यायचे.

असंच एकदा तिनं कसलासा व्हिडिओ बघितला. कुणीतरी बाई बिस्किटं मोडतीय, त्यावर पातळ चॉकलेट ओततीय आणि मधे पांढरे पांढरे मऊ गोळे टाकतीय. चूल नाही, भट्टी नाही, नुसतं फ्रिजमधी ठेवलं की झालं. त्या गोळ्यांना मार्शमेलो म्हणतात हे मला नंतर कळलं. पोरगी त्याला म्हणायची ढग. मग संध्याकाळी फोनवर हुकूम सुटला, "पप्पा, मला ढगाच्या वड्या करायच्या हाईत. ढग पाठवा." हे म्हणाले, "आणतो की. हितं लय ढग हाईत."

आणि खरंच आणले. दिल्लीत गाडी बदलताना सगळं सामान खांद्यावर घेऊन कुठल्या कुठल्या दुकानांत फिरले म्हणे. ताकारी स्टेशनात उतरून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या जीपनं सकाळी सकाळी दारात आले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढं झाल्या. मी मागं उभी. पोरगी माझ्या गाऊनला धरून मागनं डोकावत होती. ह्यांनी बॅग खाली टाकली, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात पसरले.

पोरीनं त्यांना खालीवर बघितलं आणि लय अदबीनं विचारलं, "काका, तुमी कुठनं आलाय?"

"आगं, काका न्हवं!" आत्या म्हणाल्या. "पप्पा हाईत तुजं."

"न्हाई. पप्पा फोनमधी हाईत."

सगळे हसले. हेही हसले. पण पसरलेले हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी बॅगेची चेन उघडली आणि मार्शमेलोचं पाकीट काढून तिच्यापुढं धरलं. तिचे डोळे हे एवढे झाले. "ढग! पप्पांनी पाठवलं व्हय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "व्हय," म्हणाले, "पप्पांनीच पाठवलंय."

मला असा राग आला! आत आल्यावर मी त्यांना धरलंच. "आवं, असं कुठं बोलत्यात? आपलंच नाव आपुन घालवायचं?"

"घेतलं तर तिनं," हे म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. पोरगी नेहमीसारखी ताट घेऊन फोनसमोर बसली. पप्पांना लाव. आता कुठून लावू? तुझे पप्पा हे काय इथं बसलेत, तुझ्याच शेजारी, हात वाटीत घालून. ऐकतीय कुठली! रडून रडून उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ह्यांनी तिला खांद्यावर घ्यायला बघितलं तर अंग ताठ करायची. गोठ्यातलं रेडकू दाखवलं, उसाचं कांडं सोलून दिलं. कांडं घ्यायची आणि लांब जाऊन खायची. एक दिवस आत्यांच्या मांडीवर बसून तिनं सगळा हिशेब सांगून टाकला. "हे काका आलं आन् पप्पांचा फोन बंद झाला."

हे दाढी करत होते. त्यांनी ऐकलं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आरशात बघत राहिले.

"मला माजाच राग याय लागलाय," मला म्हणाले. "त्या फोनमधल्यानं माजी पोरगी पळवली."

मी म्हटलं, गच्चीवर जाऊन एक फोन करा की, पोर चार घास खाईल. तर नाही म्हणजे नाही. "सुट्टीवर आलोय मी. घरात बसून घरात फोन करू? मग आलो कशाला?" हटवादीपणा त्यांच्या घराण्यातच आहे. पण खरं बोलले ते त्याच्या पुढचं. "सुट्टी निम्मी संपली. हे असंच गेलं, तर पुढच्या खेपेला पन मी काकाच." एवढा मोठा गडी, आणि आवाज इतका बारीक! त्यानंतर मी त्यांना फोनचं बोलले नाही.

मग तो वड्यांचा दिवस उजाडला. पोरगी सकाळपासून मागं लागलेली, "आज ढगाच्या वड्या करायच्या. पप्पांसाठी." मी दुपारी सगळं काढलं. फौजेच्या कँटीनमधून आणलेली चॉकलेटची लादी, बिस्किटांचे पुडे आणि ते पाकीट. आत्यांनी आधी पाकीट उजेडात धरून उलटंपालटं केलं. "हिरवा टिपका हाय का बग. काय बाय घालत्यात." ठिपका सापडला तेव्हा परवानगी मिळाली. शिवाय लोण्याऐवजी घरचं तूप घालायचं असा आदेशही मिळाला, आणि मग त्या तिथंच भिंतीला टेकून पेंगायला लागल्या.

पोरीनं कामं वाटून दिली. "मम्मी चाकलेट. मी ढग. काका, तुमी बिस्किटं मोडा." ह्यांना काय, हुकूम पाळायची सवयच आहे. मांडी घालून बसले आणि परातीत बिस्किटं मोडायला लागले. ती मधे मधे तपासायची. "लय बारीक नगं. पीठ हुतंय." "जी," हे म्हणायचे. मला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं. काका म्हणून का होईना, शेजारी बसवून तर घेतलं होतं.

मी पातेल्यात पाणी तापवलं, त्यावर स्टीलचा टोप ठेवला आणि त्यात चॉकलेटचे तुकडे टाकले. ते कसं विरघळतं हे मी पहिल्यांदाच बघत होते. आधी नुसते कोपरे मऊ होतात. मग तुकडे एकमेकांत मिसळून सगळ्याचं एकच काळंभोर, चकचकीत काहीतरी होतं, आणि त्यात चमचा फिरवला की चमच्यामागं रेघ उमटते आणि बुजते. बाहेरून गुऱ्हाळाचा वास येत होता, आत हा दुसराच. खिडकीतनं ऊन परातीवर पडलं होतं. पोरगी एकेक ढग गालाला लावून बघत होती आणि मगच ताटलीत ठेवत होती. आत्या बारीक घोरत होत्या. मला वाटलं, अशी दुपार संपूच नये. सुट्टीचे दिवस कुणी मोजू नयेत, हे इथंच बिस्किटं मोडत बसावेत आणि मी चमचा फिरवत राहावं.

हे उठून माझ्याजवळ आले. टोपात बघायला लागले. नजर मात्र भलतीकडंच कुठंतरी.

"काहिलीवानी दिसतंय," म्हणाले.

माझे सासरे, ह्यांचे आबा, गुळव्या होते. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, रस आटवून गूळ कधी उतरायचा ते ठरवणारा माणूस. हंगामात ते कराडच्या बाजूला असायचे, महिने महिने घरी नसायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते थकले होते, पण ह्यांच्या तोंडून मी ते काहिलीपाशी शंभरदा बघितलेत. ह्यांना लहानपणी आई त्यांच्याकडं भेटायला घेऊन जायची. रस आटून दाट झाला की सासरे हात गार पाण्यात बुडवायचे, उकळत्या काहिलीत बोटं घालून चिमूटभर पाक उचलायचे, परत पाण्यात धरून त्याची गोळी वळायचे. गोळी वळली म्हणजे पाक आला. आणि ती पहिली गोळी, गरम गरम, ह्यांच्या तोंडात. वडील भेटले म्हणजे काय, तर ती गोळी. एरवी बोलणं कमीच.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझ्या लक्षात आलं नाही की ह्यांनी शेजारचा पाण्याचा तांब्या का ओढला. त्यांनी बोटं पाण्यात बुडवली, टोपात घातली, चॉकलेट उचललं आणि परत पाण्यात धरलं. ते कशाला वळतंय? बोटावरनं ओघळलं. "आजून पाक आला न्हाई," म्हणाले आणि गॅस मोठा केला. परत पाणी, परत बोटं. परत पाणी, परत बोटं. तंद्री अशी लागलेली की विचारायची सोय नाही. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा कसाबसा एक गोळा जमला. तो घेऊन ते पोरीपुढं बसले. "आ कर," म्हणाले. "माजं आबा मला असंच द्यायचं."

पोरीनं तोंड घट्ट मिटलं.

तेवढ्यात मी टोपात बघितलं आणि किंचाळलेच. मघाचं चकचकीत चॉकलेट सगळं फुटलं होतं! रवाळ, कोरडं, वाळल्या शेणासारखं झालेलं. चमचा फिरेना. चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही हे त्या व्हिडिओतली बाई घसा फोडून सांगत होती. पण गुळव्याच्या पोराला कुणी सांगायचं?

"काय केलंसा हे? आवं, गूळ हाय व्हय हा, पाक बघायला?"

पोरगी उठली, टोपात डोकावली आणि असा काही सूर लावला की आत्या दचकून जाग्या झाल्या. रडत रडत ती बापाच्या अंगावरच गेली. दोन्ही मुठींनी त्यांच्या गुडघ्यावर मारायला लागली. "पप्पांचं चाकलेट खराब केलं! तुमी केलं! माज्या पप्पांचं!" हे हलले नाहीत. मारून घेतलं. हातातला तो काळा गोळा तसाच. "चुकलं गं," एवढंच म्हणाले. "चुकलं माजं."

मला त्यांचा राग आला होता, तो कुठल्या कुठं गेला. पण लाडात येऊन भागणार नव्हतं. मी चरफडत दूध गरम केलं आणि जे होईल ते होईल म्हणून थोडं थोडं त्या रव्यात ओतून घोटायला लागले. एकदा घोटलं, दोनदा घोटलं, दंड भरून आले. आणि बघता बघता ते परत जमायला लागलं की! पहिल्यासारखं पातळ नाही, पण मऊ, चकचकीत. "आलं गं बया आलं," आत्या म्हणाल्या. वर तूप सोडलं. बिस्किटांचा चुरा ओतला, कोमट झाल्यावर पोरीनं नाक ओढत ओढत एकेक ढग टाकला. तूप लावलेल्या ताटात थापलं आणि ताट फ्रिजमधी. हे मागच्या दारी जाऊन हात धूत बसले, किती वेळ तरी.

दिवस कलताना मी वड्या कापल्या. आत पांढरे ढग, मधे बिस्किटं. पोरीनं पहिली वडी उचलली आणि फोन माझ्यापुढं धरला. "पप्पांना लाव."

मी काही बोलणार, तोवर मागच्या दारातनं हे म्हणाले, "लाव."

मी बघतच राहिले. एवढा हट्ट धरलेला माणूस. पण ते खिशातनं आपला फोन काढत परसात निघूनही गेले होते. मी लावला.

रिंग वाजली आणि काचेवर ते आले. पोरगी जी खुलली! "पप्पाऽऽ! कुठं हुतासा? मी रोज वाट बगितली." मग एका दमात सगळं सांगितलं. ढग मिळाले. एक काका आलेत. काकांनी चाकलेट बिघडवलं. मम्मीनं नीट केलं. पलीकडं ते नुसते मान हलवत होते. मग तिनं वडी काचेवर टेकवली. "आ करा."

"आऽऽम," फोन म्हणाला.

आणि मागच्या दारातनंही आलं, "आऽऽम."

पोरगी थांबली. फोनकडं बघितलं, दाराकडं बघितलं. परत वडी काचेवर टेकवली. परत दोन्हीकडनं. मग फोन जवळ घेऊन बारकाईनं बघायला लागली. ह्यांच्या मागं शेवग्याचं झाड दिसत होतं, आमच्याच परसातलं, आणि त्याच्या फांदीला तिचाच निळा फ्रॉक वाळत होता. ती उठली. एका हातात फोन, एका हातात वडी, मागच्या दारी गेली. मी आणि आत्या मागनं.

हे शेवग्याखाली बसले होते, फोन तोंडापुढं धरून. ती समोर जाऊन उभी राहिली. एकदा आपल्या फोनातले पप्पा बघितले, एकदा हे. मग फोन खाली दगडावर ठेवला आणि रिकाम्या हातानं त्यांचा गाल चाचपला. दाढी वाढलेली.

"टोचतंय," ती म्हणाली.

"व्हय," हे म्हणाले.

"फोनमधी टोचत न्हाई."

"न्हाई."

तिनं थोडा विचार केला. शेजारी बादलीत पाणी होतं. तिनं वडी दुसऱ्या हातात घेतली, बोटं पाण्यात बुडवली, अगदी ह्यांनी टोपापाशी बुडवली होती तशी, आणि ओल्या बोटांनी वडीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडापुढं धरला. "आ करा, पप्पा."

त्यांनी आ केला. पण चावता येईना त्यांना. एवढ्या बर्फात राहणारा माणूस, तोंडात वडी धरून ढसाढसा रडला. आत्यांनी तोंडाला पदर लावला. मी तर आधीच रडत होते, सांगायला कशाची लाज. पोरगी मात्र वाट बघत उभी. शेवटी तिनं विचारलंच, "लय ग्वाड म्हना की!"

उरलेली सुट्टी ती त्यांच्या अंगावरनं उतरली नाही. मळ्यात खांद्यावर, मोटारसायकलवर पुढं, झोपायला त्यांच्याच हातावर. सकाळ-संध्याकाळ गालाला हात लावून बघायची, टोचतंय का. म्हणून त्यांनी दाढीच केली नाही. आत्या म्हणायच्या, बुवा झालास की रं. ते तसेच गेले. जाताना तिला सांगून गेले, चोरून नाही गेले. ती रडली, पण ओवाळलं तिनंच.

वर पोचल्यावर रेंज मिळाली तशी त्यांनी फोन केला. मी नेहमीसारखं ताट वाढलं, पोरीला बसवलं, फोन तांब्याला टेकवून उभा केला. हे दिसले. ड्युटीवर हजर झालेले, दाढी गुळगुळीत. "आऽऽम," त्यांनी तोंड उघडलं.

पोरीनं घास उचलला. काचेपर्यंत नेला. मग एक बोट काचेवर फिरवलं, जिथं त्यांचा गाल होता तिथं. घास परत ताटात ठेवला.

"दे की गं पप्पांना," मी म्हटलं.

"हे पप्पा न्हाईत," ती म्हणाली. "पप्पा टोचत्यात." आणि उठून फ्रिजकडं गेली. तिथं डब्यात एक ढगाची वडी तिनं त्यांच्यासाठी ठेवलीय. ती आत आहे का बघून तिनं दार लावलं.

मी फोनकडं बघितलं. वाटलं, आता ह्यांचं काय होतंय. त्यांचं तोंड अजून तसंच उघडं होतं. मग ते मिटलं, आणि त्यांनी आपल्याच गालावरनं हात फिरवला.

"बरोबर हाय तिचं," म्हणाले. "तिला सांग, वडी ठेव म्हनावं. मी येतोय."